फोन कुणाला करायचा?

आईने मेन स्विच पाडला म्हणून वाचलो, असं बाबा हल्ली सोसायटीत भेटेल त्याला सांगतात. मेन स्विच वगैरे काही नाही, तिने भिंतीवरच्या बोर्डाचं साधं बटण बंद केलं, आणि तेही कॉम्प्युटर वाचवायला नाही, आत तिची मालिका चालू होती आणि बाहेर कॉम्प्युटर अँब्युलन्ससारखा कोकलत होता म्हणून. स्क्रीनभर लाल पान, एक बाई इंग्रजीत एकच पालुपद लावून बसलेली की तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, बँकेचे पासवर्ड चोरीला जातायत, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. आणि बाबांनी केला ना.

म्हणजे बघा, ७४ वर्षांचा माणूस, अख्खी नोकरी ऑडिटमध्ये गेली, गावदेवी मार्केटात कोथिंबिरीच्या जुडीचे सुटे दोन रुपये परत घेतल्याशिवाय जागचा हलत नाही, त्याने अनोळखी नंबर फिरवला. पलीकडचा मुलगा फार आदबशीर होता म्हणे, वाक्यागणिक सर. सर घाबरू नका, सर एक छोटं अॅप टाकायचंय, मग मला तुमची स्क्रीन दिसेल आणि मी इथूनच सगळं साफ करतो. बाबा एका बोटाने एकेक अक्षर हुडकत त्या अॅपचं नाव टाइप करत होते, शेवटची तीन अक्षरं राहिली होती, आणि खट्. स्क्रीन काळी. यूपीएस केव्हाचा मेलाय, दर दिवाळीला घेऊ घेऊ म्हणतो आणि राहतं, या वेळी बरं झालं राहिलं ते. तो मुलगा फोनवर हॅलो सर हॅलो सर करत बसला आणि बाबा आईवर ओरडले, ४७ वर्षांच्या संसारात दुसऱ्यांदा असं आईचं म्हणणं. पहिल्यांदा कधी ते दोघंही सांगत नाहीत.

मी राहते कोपरखैरण्याला, आईबाबा ठाण्यात नौपाड्याला, मधे ट्रान्सहार्बर लोकलची वीसेक मिनिटं. शनिवारी गेले तर बाबा तयारच होते. चहा यायच्या आधी कागद समोर. फूलस्केप, पट्टीने आखलेला, निळ्या पेनाने रकाने, लाल पेनाने मथळे. आठ-नऊ अँटीव्हायरसची नावं ओळीने लिहिलेली, पुढे किंमत, किती कॉम्प्युटरवर चालतो, मुदत किती, आणि शेवटचा रकाना, फोन नंबर आहे का. बहुतेकांपुढे फुली.

"यातला चांगलातला कुठला ते सांग. पैशाकडे बघू नको."

पैशाकडे बघू नको हे वाक्य बाबांच्या तोंडून मी माझ्या लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं.

तो शेवटचा रकाना बघून मला तेव्हा हसू आलं. मी म्हटलं बाबा, सॉफ्टवेअर घ्यायचंय, गॅसची एजन्सी नाही. हसायला नको होतं. का ते पुढे येईल.

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला २००१ ला, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेऊन असेंबल केलेला. तो जोडून द्यायला जो माणूस आला तोच पुढे वीस वर्षं आमचा कॉम्प्युटरवाला दादा. राम मारुती रोडच्या आतल्या एका गल्लीत जिन्याखाली त्याचं दुकान, दुकान म्हणजे काय, तो आत बसला की गिऱ्हाईक बाहेर उभं. आईच्या फोनच्या डायरीत क च्या पानावर 'कॉम्प्युटर' म्हणून त्याचा नंबर, आधी लँडलाइन, मग त्या लँडलाइनच्या आधी वेगळ्या शाईने जोडलेला २, मग ते सगळं खोडून मोबाइल, मग दुसरा मोबाइल. तो यायचा, कॅबिनेट उघडायचा, रंगकामाच्या ब्रशने पंख्यावरची धूळ झाडायचा, आई ओरडायची की दादा गॅलरीत झाडा हो, मग चहा, मग तो निदान सांगायचा. निदान बहुतेक वेळा एकच, काका फॉरमॅट मारावा लागेल. मग माझे फोटो, बाबांचे सोसायटीचे हिशेब, सगळं सीडीवर चढवायचं आणि दोन तास विंडोज नव्याने घालायचं, आणि शेवटी पिशवीतून तो एक चकचकीत खोका काढायचा, आत एक सीडी आणि एक लांबलचक नंबर लिहिलेलं कार्ड. हा टाकतो काका, वर्षभर बघायला नको. हजार-बाराशे रुपये. खोक्यावर बॉलपेनने स्वतःचा मोबाइल नंबर लिहून जायचा. ते खोके बाबांनी एकही टाकला नाही, माळ्यावर पावत्यांसकट आहेत.

तेव्हा अँटीव्हायरस लागायचाच, हे मान्य केलं पाहिजे. आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही पण तेव्हा सायबर कॅफेत एक प्रिंट काढायला पेनड्राइव्ह लावला की घरी येताना 'न्यू फोल्डर' नावाचा पाहुणा बरोबर. चिन्ह हुबेहूब पिवळ्या फोल्डरचं आणि आत मात्र प्रोग्राम, डबल क्लिक केलं की झालं. पुढे तो शॉर्टकट व्हायरस, सगळे फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी बाण असलेली भुतं. त्याआधीचा २६ एप्रिल १९९९ चा चेर्नोबिल तर भयंकरच, तो नुसत्या फाइली खाऊन थांबत नव्हता, मदरबोर्डवरची बायोसची चिप पुसायचा, म्हणजे मशीन चालूच होणार नाही. दादाने त्याच्या तरुणपणी ते बघितलेलं होतं, आणि तो ती गोष्ट गावाकडे चकव्याची सांगतात तशी सांगायचा.

आणि अँटीव्हायरसचं काम तेव्हा सरळ होतं. पोलीस ठाण्याबाहेर फरार आरोपींचे फोटो लावतात तशी एक यादी, फाइल उघडताना तिचा चेहरा यादीशी ताडून बघायचा, जुळला तर धरायचा. यादी जुनी झाली की नवा चोर सुटला. म्हणून अपडेट, म्हणून दरवर्षी पैसे. आता नुसत्या यादीवर भागत नाही, फाइल वागते कशी तेही बघतात, एखादा प्रोग्राम अचानक शंभर फाइली कुलूपबंद करायला लागला की थांबवतात, आणि शंका आली तर इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या मशीनला विचारून घेतात. हे सगळं मी बाबांना सांगत होते आणि ते मान डोलवत होते आणि मला कळत होतं की त्यांना यातलं काही विचारायचंच नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये दादाने दुकान बंद केलं. कोकणात गावी गेला एवढं कळलं. बाबांनी सहा महिन्यांनी फोन केला तर नंबर अस्तित्वात नाही. त्याने घातलेल्या शेवटच्या अँटीव्हायरसची मुदत २०२१ ला संपली, आणि तिथपासून चार वर्षं तो तसाच कॉम्प्युटरमध्ये. काढला कुणी नाही, रिन्यू कुणी केला नाही. (कुठला ते सांगत नाही, सगळ्यांचंच थोडंफार असं असतं.) आणि मेलेला अँटीव्हायरस गप्प बसत नाही हो. रोज सकाळी कोपऱ्यात लाल चौकोन, तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित आहे, तुम्ही धोक्यात आहात, आत्ताच रिन्यू करा, आज शेवटचा दिवस, ५० टक्के सूट. शेवटचा दिवस चार वर्षं चालला.

बाबा म्हणाले, "ते लाल पान मला खोटं वाटलंच नाही गं. आपला स्वतःचा अँटीव्हायरस चार वर्षं हेच तर सांगत होता. मला वाटलं झालं शेवटी."

याच्यावर मला काही बोलता आलं नाही. ज्याला आपण पैसे देऊन ठेवला त्यानेच रोज भीती घालून घालून माणसाला इतकं तयार केलं की खरा भामटा आला तेव्हा त्याला निम्मंच काम उरलं होतं. रंग तोच, भाषा तीच, घाई तीच. खोट्या पानाने फक्त एक गोष्ट जास्तीची दिली जी खऱ्याने कधी दिली नाही. फोन नंबर.

मला यावरून ब्रेनची गोष्ट आठवली. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो १९८६ चा, लाहोरचा. बासित आणि अमजद फारूक अल्वी असे दोन भाऊ, त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान, त्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर लोक फुकट कॉपी करत होते म्हणून त्यांनी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना आधी वाचतो त्या भागात, हा प्रकार घुसवला. आणि त्याच्या आत काय लिहिलं होतं तर स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता, फोन नंबर, आणि लस हवी असेल तर आम्हाला संपर्क करा. आता बोला. फ्लॉप्या हिंडत हिंडत पार अमेरिकेत पोचल्या आणि या भावांना तिथून फोन यायला लागले, आमच्या मशीनला तुमचं काहीतरी लागलंय म्हणून. बाबांना ही गोष्ट प्रचंड आवडली. "बघ, पत्ता होता. हिशेबाला पक्के." त्यांच्या मते आजच्या व्हायरसवाल्यांना तेवढीही रीत राहिलेली नाही.

आपल्याकडची गोष्टही दुकानातूनच सुरू होते, फक्त उलट्या बाजूने. क्विक हीलवाले काटकर बंधू, थोरले कैलास पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागले, येणारं मशीन व्हायरसने भरलेलं, म्हणून धाकट्या संजयने ते साफ करायचे प्रोग्राम लिहिले, आणि दुरुस्तीबरोबर दिलेली ती पुडी पुढे इतकी चालली की २०१६ ला कंपनी शेअर बाजारात. म्हणजे मुळात बिघडलेलं मशीन घेऊन कुणाकडे तरी जायचं आणि त्याने बघून सांगायचं, असाच तो धंदा होता. बाबांचा शेवटचा रकाना काही वेडेपणा नव्हता. ते दरवर्षी हजार-बाराशे रुपये खोक्याचे देत नव्हतेच, खोक्यावरच्या बॉलपेनच्या नंबराचे देत होते.

तर कामाचं. आधी मी तो मेलेला काढून टाकला. काढतानाही त्याने तीनदा विचारलं, नक्की का, विचार करा, जाऊ नका. काढला, रीस्टार्ट केलं, आणि विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपला आपण कामाला लागला. तो तिथेच होता. २०१२ च्या विंडोज ८ पासून तो आतच येतो, दुसरा अँटीव्हायरस टाकला की बाजूला होतो, एका म्यानात दोन तलवारी नकोत म्हणून, आणि दुसरा काढला की परत येतो. हे काढल्यावर मशीनही जरा श्वास घ्यायला लागलं, एक्सेल उघडायला आधी आईचा कुकर होईस्तोवर वेळ लागायचा.

बाबांना फुकटची वस्तू कधीच पटत नाही. "कंपनी फुकट देते म्हणजे कुठेतरी लावत असणार." एरवी हे बरोबरच आहे. अॅव्हास्टचं प्रकरण मी त्यांना सांगितलं, कोट्यवधी लोकांनी फुकट अँटीव्हायरस म्हणून घेतला आणि लोक कुठल्या साइट बघतात त्याची माहिती कंपनीची जंपशॉट नावाची उपकंपनी विकत होती, बभ्रा झाल्यावर २०२० ला ती बंद केली आणि २०२४ ला अमेरिकेच्या ट्रेड कमिशनने १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अँटीव्हायरसला सगळी दारं उघडी लागतात, प्रत्येक फाइल, प्रत्येक पान. तो चांगला असला तर ठीक. चांगल्याचीही चूक झाली तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला दिसलंच, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक चुकीचं अपडेट आणि जगभरात ८५ लाख मशीन निळी पडली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. डिफेंडरचं म्हणाल तर विंडोजचे पैसे आपण कॉम्प्युटर घेतानाच मोजलेत, त्यातलाच तो, आणि जर्मनीतली एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था सगळ्यांच्या परीक्षा घेतात त्यात तो पैसेवाल्यांच्या पंगतीत बसतो. दहा-बारा वर्षांपूर्वी बसत नव्हता, तेव्हा दादा त्याला नावं ठेवायचा ते खरंच होतं.

बाबा ऑडिटचे. म्हणाले, चाचणी दाखव.

चाचणी असते. आयकार नावाची एक फाइल आहे, ६८ अक्षरांची एक ओळ, त्यात व्हायरस काही नाही पण सगळ्या अँटीव्हायरसवाल्यांनी ठरवून ठेवलंय की ही दिसली की धरायची. अग्निशमनवाले सोसायटीत येऊन भोंगा वाजवून बघतात तसं. मी मोबाइलवर ती ओळ काढली, बाबा नोटपॅडमध्ये टाइप करायला बसले. मी म्हटलं कॉपी करून देते, तर नाही. एका बोटाने, डॉलरचं चिन्ह, टक्क्याचं चिन्ह, चौकटी कंस, महिरपी कंस, प्रत्येक चिन्ह माझ्या मोबाइलशी पेन्सिलीच्या टोकाने ताडून. वीस मिनिटं लागली. आई येऊन बघून गेली, म्हणाली काय हे मंत्र. मग सेव्ह. क्षणभर फाइल डेस्कटॉपवर दिसली, आणि कोपऱ्यातून डिफेंडर आला, धोका सापडला, आणि फाइल नाहीशी. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. आनंद झालेला, पण लगेच ऑडिटर जागा झाला.

"म्हणजे आपणच लिहायचा, त्यानेच पकडायचा. यात त्याने काय केलं?"

हे खरंच आहे, आणि जास्तच खरं आहे. कारण त्या दिवशीच्या लाल पानाला तो काहीच करू शकला नसता. ते पान म्हणजे व्हायरस नव्हताच. नुसतं एक वेबपेज, फुल स्क्रीन केलेलं, वर भोंग्याची ऑडिओ फाइल. कॉम्प्युटरमध्ये काहीही शिरलेलं नव्हतं, एस्केप दाबून ठेवलं असतं किंवा ऑल्ट एफ फोर मारलं असतं तर गेलं असतं. शिरणार होतं ते बाबा स्वतः टाइप करत होते ते अॅप, आणि ते अॅपही चोरीचं नाही, ऑफिसातले आयटीवाले रोज वापरतात तसलंच. मालकाने स्वतः दार उघडून आत घेतलेल्याला कुठला अँटीव्हायरस अडवणार.

पान आलं कुठून ते मात्र सापडलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनला परवानगी दिलेल्या साइटची यादी असते, ती उघडली तर १४ साइट. एक पंचांगाची, एक राशिभविष्याची, एक आईच्या उकडीच्या मोदकांची, एक फुकट पीडीएफची, आणि बाकी अशा की नावाचा उच्चार होत नाही. अलाऊ की ब्लॉक विचारतं तेव्हा बाबा अलाऊच दाबतात, म्हणतात त्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मग त्या साइट दिवसभर कोपऱ्यातून निरोप पाठवत बसतात आणि ते निरोप विंडोजच पाठवतंय असं वाटतं. चौदाच्या चौदा काढल्या. एवढ्या एका कामाने जे झालं ते कागदावरच्या एकाही अँटीव्हायरसने झालं नसतं, हे मी ठासून सांगितलं. बाबांनी ते कागदाच्या मागे लिहून घेतलं.

अपडेटचं मात्र मी जरा आवाज चढवूनच बोलले. २०१७ ला मी बेलापूरला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला. आमच्या एकाही मशीनला काही झालं नाही, प्रत्येकावर पैसे भरलेला अँटीव्हायरस होता, आणि तरी काम ठप्प, कारण जगातल्या सगळ्यात मोठ्या शिपिंग कंपन्यांतली मर्स्क त्यात सापडली आणि न्हावा शेव्याला जेएनपीटीत तिच्याच ग्रुपचं एक टर्मिनल आहे, त्याची सिस्टीम बसली. कंटेनर आहेत, पण कुठला कुठे ते सांगणारं कुणी नाही. ड्रायव्हर फोन करून विचारतायत मॅडम गाडी लावू का परत नेऊ, आणि मला तरी काय माहीत. तो आला होता कसा, तर युक्रेनमधल्या एका अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, म्हणजे ज्याच्यावर विश्वास त्याच्याच हातून. आणि आत आल्यावर पसरायला त्याने विंडोजचं जे भोक वापरलं ते बुजवायचं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. त्याच भोकातून मे महिन्यात वॉनाक्राय येऊन गेला होता, तरी लोक 'नंतर आठवण करा' दाबत होते. मीही दाबायचे. आता नाही दाबत.

म्हणून खरा घोर बाबांच्या अँटीव्हायरसचा नाहीच, विंडोज १० चा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे अपडेट थांबले. बाबांचं मशीन २०१४ चं, विंडोज ११ ते घेत नाही, त्याला टीपीएम नावाची चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. डिफेंडरची यादी येत राहील, मायक्रोसॉफ्टने २०२८ पर्यंत द्यायचं कबूल केलंय, पण भिंतीला भोक पडलं तर गिलावा करणारं कुणी नाही. एक वर्ष वाढवून मिळतं त्याला नाव नोंदवून दिलं, ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तोवर नवीन मशीन घ्यायचं ठरलं, म्हणजे मी ठरवलं, बाबा बघू म्हणाले. एक बाहेरची हार्ड डिस्क मात्र लगेच आणली, सोसायटीचे हिशेब आणि फोटो तिच्यावर, आणि काम झालं की वायर काढून कपाटात आईच्या साड्यांखाली. लावून ठेवली तर कुलूप घालणारा व्हायरस तिलाही घालतो. बाबांचं रोजचं अकाउंटही साधं करून टाकलं, नवीन काही घालायचं तर पासवर्ड विचारेल, आणि तो पासवर्ड आईकडे. हा अधिकार मिळाल्यावर आईने कॉम्प्युटरकडे पहिल्यांदा जरा आपुलकीने बघितलं.

त्या मुलाचा विचार डोक्यातून जात नाही, सर सर म्हणणाऱ्या. कुठे बसला असेल. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरांवर धाडी घातल्या होत्या, आठवत असेल, आपलीच पोरं अमेरिकेत फोन लावून आम्ही इन्कम टॅक्सवाले बोलतोय म्हणून तिथल्या लोकांना धमकावत होती, सातशेच्या वर जणांना एका रात्रीत ताब्यात घेतलं. तेव्हा वाचताना आम्हाला गंमत वाटली होती, गोऱ्यांना गंडवतायत. घोडबंदर रोडवरून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. तिथलं पलीकडचं टोक म्हणजे कुणाचे तरी आईबाप आहेत हे तेव्हा मनात आलं नाही.

तर तो रकाना. बाबांनी पैसे गेले नाहीत तरी १९३० ला, त्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करावा का असं विचारलं, मी म्हटलं नंबर तरी कळवू या, म्हणून मी त्यांच्या मोबाइलच्या कॉल लिस्टमध्ये त्या दिवशीचं बघायला गेले. मंगळवार. ७ वाजून ४१ मिनिटं, तो अनोळखी नंबर, नऊ मिनिटं. त्याच्या खाली ७ वाजून ३८ मिनिटं, माझं नाव. त्याच्याही खाली ७ वाजून ३७, माझं नाव. मला आठवलं. दुसऱ्या दिवशीची शिपमेंट होती, मी ऑफिसातच होते, पहिला वाजू दिला आणि दुसरा कट करून तो तयार मेसेज पाठवला, आत्ता बोलू शकत नाही, नंतर फोन करते. नंतर म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी केला.

बाबांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. आईनेही नाही. मी फोन खाली ठेवला तर बाबा कागदावर शेवटची ओळ आखत होते. विंडोज डिफेंडर. किंमत, शून्य. कॉम्प्युटर, एक. मुदत, ऑक्टोबर २०२६. फोन नंबरच्या रकान्यात फुली मारायला पेन टेकवलं होतं त्यांनी, मग थांबले, पेन्सिल घेतली आणि माझा नंबर लिहिला. न बघता, पाठ असल्यासारखा.

"पेन्सिलने का?"

"बदलला तर खोडता येतो."

संध्याकाळी परत निघाले. दहा नंबरवर पनवेल गाडी लागलेली, खिडकी मिळाली होती, शनिवार असूनही. गाडी सुटायच्या बेतात आणि फोन.

"अगं, ते ढालीच्या चित्रावर पिवळा त्रिकोण आलाय."

"काही नाही बाबा, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने साइन इन करा म्हणत असेल. डिसमिस दाबा."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. आई म्हणतेय काही दाबू नका, आधी विचारा, म्हणून विचारलं." मग जरा थांबून, "तू गाडीत आहेस ना, ठेव मग."

गाडी हलली. ऐरोली येईपर्यंत रेंज नीट नसते, तुटक तुटक ऐकू येतं, तरी मी म्हटलं नाही, बोला, आधी काय लिहिलंय ते सगळं वाचून दाखवा.